मामाच्या इंजिनावरचं नाव

दिवाळीच्या सुट्टीत देवणीला मामाकडे गेले, तेव्हा विहिरीवरचं इंजिन बंद पडलेलं होतं. हँडल मारून मामाचे हात भरून आले होते. (कॉन्व्हेंटवाली आहे, मराठी सांभाळून घ्या!) मिस्त्रींनी हेड उतरवलं. गॅस्केट एका जागी जळून तिथे काळी रेघ उमटली होती. कॉम्प्रेशन तिथूनच पळत होतं. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबायची की तिच्याच उष्णतेने डिझेल पेटावं. दाब गेला की सगळं गेलं. थर्मोच्या पेपरात यावर मी दोन पानं लिहिली होती, पण कळलं ते ही रेघ बघून.

इंजिनाच्या प्लेटवर नाव होतं, किर्लोस्कर. मामाला कंपनी माहीत, माणूस नाही. नवं गॅस्केट उदगीरहून यायचं होतं. ते येईपर्यंत त्या माणसाबद्दल सांगते.

शंतनुराव किर्लोस्करांचा जन्म २८ मे १९०३ चा, सोलापूरचा. वडील लक्ष्मणराव. त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते असं म्हणत शेतकरी तो घेईनात, तरी ते चिकटून राहिले. १९१० मध्ये औंध संस्थानात, माळरानावर, त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. शंतनुराव याच कारखान्यात वाढले. पुढे अमेरिकेतल्या एम.आय.टी.तून १९२६ मध्ये ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले. आपल्यापैकी निम्मे जण तिथे राहायचा विचार करतील. ते वाडीला परतले.

१९४६ मध्ये त्यांनी पुण्यात, खडकीला, किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू केली. गावात वीज नाही आणि पाणी विहिरीच्या तळाशी, अशा शेतकऱ्याला इंजिन हवं होतं. दोनच वर्षांनी गांधीहत्येनंतरच्या दंगलीत वाडीचा कारखाना जाळला गेला. तो पुन्हा उभा केला. लायसन्सराजवर ते उघड टीका करायचे, त्यामुळे सगळ्यांना आवडत नसत. १९६५ मध्ये पद्मभूषण मिळालं. २४ एप्रिल १९९४ ला ते वारले. त्यांची सगळी मतं मला पटली असं नाही. पण खडकीत केलेलं इंजिन देवणीच्या मिस्त्रीला शेतात खोलता येतं, हे मला पद्मभूषणपेक्षा मोठं वाटतं.

गॅस्केट आलं. तोवर मिस्त्रींनी ब्लॉक आणि हेडची तोंडं खरवडली होती, पण अलगद, कारण एक खोल ओरखडा म्हणजे नवी गळती. मग स्टीलची सरळ पट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवून खालून फीलर गेज सरकतो का पाहिलं. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा रॉकेलने धुऊन नव्या स्प्रिंगेशेजारी उभ्या केल्या. एक बुटकी झाली होती, ती बदलली. कमजोर स्प्रिंग व्हॉल्व्ह नीट मिटू देत नाही, तिथूनही दाब जातो. व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले, वर रॉकेल ओतून थेंब झिरपतो का बघितलं. हेडचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. शेवटचा पाना मला दिला. मामाला ते काही पटलं नाही.

मिस्त्रींनी लिव्हर धरून हँडल फिरवलं, वेग आल्यावर लिव्हर सोडला. दोनदा नुसता धूर आला. तिसऱ्यांदा इंजिन लागलं, आणि मामा पाटाकडे पळाला.