शोकाला मिळालेला आधार : रमाबाई रानडे

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे येथील कुर्लेकर घराण्यात झाला. १८७३ मध्ये, अवघ्या अकरा वर्षांच्या असताना, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माधवरावांनी प्रथम पत्नीच्या निधनानंतर वडिलांच्या इच्छेपुढे मान तुकवून कुमारिकेशी लग्न केले, याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. त्यांनी आपल्या निरक्षर पत्नीला प्रथम मराठी व पुढे इंग्रजी शिकविले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष सोसून रमाबाईंनी हे शिक्षण घेतले. त्यामुळे १६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव निवर्तले, तेव्हा त्यांनी पतीबरोबर गुरूही गमावला.

रमाबाई मुंबई सोडून पुण्याच्या घरी आल्या आणि सुमारे वर्षभर विरक्तपणे राहिल्या. उच्चवर्णीय विधवेला त्या काळचा समाज सांत्वन म्हणून देई ते एकांत आणि व्रतवैकल्येच. रमाबाईंनी त्यापलीकडचा आधार शोधला. माधवरावांची धर्मपर व्याख्याने त्यांनी प्रसिद्ध केली. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना त्या भेटू लागल्या. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी व दयाराम गिदुमल यांनी मुंबईत स्थापिलेल्या सेवासदनाचे नेतृत्व त्यांनी स्वीकारले. १९०९ मध्ये पुण्यातही सेवासदन उभे राहिले. तेथे गोपाळ कृष्ण देवधर यांचे त्यांना मोठे साहाय्य झाले. विधवा व निराधार स्त्रियांना तेथे शिक्षिकेचे व परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले. दुःखितांना कोंडून न ठेवता त्यांच्या हाती काम देणारे हे सांत्वन होते.

याच काळात लिहिलेले ‘आमच्या आयुष्यांतील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीतील प्रारंभीच्या स्त्री-आत्मकथनांत त्याचे स्थान मोठे आहे. त्याचे इंग्रजी अनुवादही झाले आहेत. अभ्यासकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. हे कथन माधवरावांच्या अखेरच्या आजारापाशी व निधनापाशी थांबते. नंतरच्या स्वतःच्या कार्याविषयी लेखिका मौन पाळते. हे मौन केवळ पातिव्रत्याचा संकेत मानला, तर चरित्राचा अर्धाच भाग हाती येतो. स्मृती लिहून काढण्याने शोकाला आकार मिळाला आणि सेवासदनाने त्याला वाट दिली. पुस्तक आणि संस्था ही एकाच शोकाची दोन रूपे होत.

१९२४ मध्ये रमाबाईंचे निधन झाले. वैधव्याची २३ वर्षे त्यांनी ज्यांना आधार देण्यात घालविली, त्यांच्याकडूनच त्यांना आधार मिळाला, असे म्हणावे लागते.