प्रचारकाचे प्रदर्शन

जॉर्जियात १८९३ साली जन्मलेल्या व्लादिमीर मायाकोव्हस्कीने कविता क्रांतीच्या सेवेला जुंपली. १९१९ पासून त्याने प्रचाराची शेकडो भित्तिपत्रके चितारली, त्यांवर पद्ये रचली. यादवी युद्धात मालाअभावी ओस पडलेल्या दुकानांच्या काचांमागे ती झळकत. जिथे पाव नव्हता, तिथे घोषणा होती.

१ फेब्रुवारी १९३० रोजी मॉस्कोतील लेखकांच्या क्लबात त्याने आपल्या वीस वर्षांच्या कार्याचे प्रदर्शन भरविले. तरुणांनी गर्दी केली. नामवंत साहित्यिक व सत्ताधारी मात्र फिरकले नाहीत. १४ एप्रिलला त्याने स्वतःवर गोळी झाडली.

१९३५ मध्ये स्तालिनने त्यास सोव्हिएत युगाचा सर्वश्रेष्ठ कवी ठरविले; मॉस्कोतील एका चौकास त्याचे नाव मिळाले. प्रचारक आता स्वतःच भित्तिपत्रक झाला होता. राज्यसंस्थेस निष्ठावंत कलावंतही बहुधा मुका झाल्यावरच सोयीचा वाटतो.