सोइचिरो होंडा: ऑइलच्या वासामागे धावलेला मुलगा आणि जुन्या बाइकमधली विसरलेली डबी

तुमच्या घरी बाबांची किंवा काकांची जुनी १०० सीसी हिरो होंडा अजून उभी आहे का? सीडी १०० किंवा पहिल्या पिढीची स्प्लेंडर? मग आजची गोष्ट तुमच्यासाठीच आहे. ही गोष्ट आहे त्या टाकीवरच्या नावातल्या होंडांची. ती वाचता वाचता तुमच्या इंजिनातला एक भागही कळेल, जो ऑइल बदलूनसुद्धा साफ होत नाही.

लोहाराचा मुलगा

सोइचिरो होंडा यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ चा. गाव जपानमधल्या हामामात्सुजवळचं. वडील गिहेई लोहार होते, सायकलीही दुरुस्त करायचे. सोइचिरो लहान असताना गावात पहिल्यांदा मोटार आली. पोरगं तिच्यामागे धावत सुटलं. गाडी थांबली तिथे जमिनीवर ऑइलचे थेंब पडले होते. त्याने खाली वाकून त्याचा वास घेतला, हाताला चोळून पाहिला. हा वास त्यांना जन्मभर आठवत राहिला.

१९२२ मध्ये, पंधराव्या वर्षी, ते टोकियोतल्या आर्ट शोकाई या गॅरेजमध्ये कामाला लागले. सुरुवातीचे महिने पाना हातात आलाच नाही, मालकाचं मूल सांभाळावं लागलं. पण डोळे गॅरेजकडेच असायचे. १९२३ चा मोठा भूकंप झाला, बरेच कामगार गावी निघून गेले आणि होंडांच्या वाट्याला खरी दुरुस्ती आली. १९२८ मध्ये त्यांनी हामामात्सुला त्याच गॅरेजची शाखा उघडली.

पन्नासातल्या तीन रिंगा

गॅरेज चांगलं चाललेलं असताना होंडांना पिस्टन रिंग बनवायची इच्छा झाली. पिस्टनच्या खाचेत बसणारी ही कडी दिसायला साधी असते, पण तिची कामं दोन. वरचा गॅस खाली जाऊ द्यायचा नाही, आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं जास्तीचं ऑइल खरवडून खाली परत पाठवायचं. रिंग झिजली की ऑइल जळतं आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो.

होंडांनी ओतलेल्या रिंगा काही जमेनात. हाताने शिकलेली विद्या इथे अपुरी पडली. कारण धातूत होतं, आणि धातूशास्त्र त्यांना येत नव्हतं. मग तिशी ओलांडलेला हा गॅरेजमालक हामामात्सुच्या तांत्रिक शाळेत आपल्याहून लहान मुलांबरोबर जाऊन बसला. परीक्षा दिली नाही, त्यामुळे पदवी नाही मिळाली. त्यांना हवं होतं ते ज्ञान मात्र मिळालं. तरीही टोयोटाला दाखवलेल्या ५० रिंगांपैकी फक्त ३ पास झाल्या. पुढे ते टोयोटाला रिंगा पुरवू लागले. पण दुसऱ्या महायुद्धातली बॉम्बफेक आणि १९४५ चा भूकंप यात कारखान्याची वाट लागली. उरलंसुरलं त्यांनी टोयोटाला विकून टाकलं.

धुरापासून फोर स्ट्रोकपर्यंत

युद्धानंतरच्या जपानमध्ये पेट्रोलची टंचाई होती आणि लोकांना फिरायला साधन नव्हतं. लष्कराच्या वायरलेस सेटसाठी बनवलेली छोटी जनरेटर इंजिनं शिल्लक पडली होती. १९४६ मध्ये होंडांनी ती सायकलींना जोडायला सुरुवात केली. पेट्रोल कमी पडायचं म्हणून पाइनच्या मुळांपासून काढलेलं तेलही वापरलं. धूर, वास, आवाज सगळं होतं, तरी या सायकली हातोहात खपल्या. २४ सप्टेंबर १९४८ ला होंडा मोटर कंपनी सुरू झाली. १९४९ मध्ये ताकेओ फुजिसावा आले. पैसा आणि विक्री त्यांनी बघायची, इंजिन होंडांनी.

पहिल्या गाड्या टू स्ट्रोक होत्या. त्यात ऑइल पेट्रोलबरोबर जळून बाहेर जातं. १९५१ मध्ये होंडांनी ड्रीम ई हे फोर स्ट्रोक मॉडेल आणलं. फोर स्ट्रोकमध्ये ऑइल जळत नाही. तेच ऑइल इंजिनात पुन्हा पुन्हा फिरतं आणि बरोबर धातूचा बारीक चुरा, काजळी, क्लचची झीज हे सगळं घेऊन फिरतं. म्हणजे हा कचरा कुठेतरी अडवायलाच हवा.

१९५८ मध्ये आली सुपर कब. ५० सीसीच्या आतलं फोर स्ट्रोक इंजिन, चालवायला सोपं. २०१७ पर्यंत या घराण्याच्या १० कोटींहून जास्त गाड्या बनल्या.

तुमच्या बाइकमधली डबी

१९८४ मध्ये हिरो होंडा कंपनी स्थापन झाली आणि १९८५ मध्ये सीडी १०० आली. तिचं आडवं इंजिन कबच्याच वळणाचं. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात गाजली. लोकांनी ती जरा जास्तच मनावर घेतली आणि ऑइलसुद्धा विसरले!

या इंजिनात कारसारखा कागदी फिल्टर नसतो. दोन गोष्टी असतात. एक, तळाशी जाळी, जी मोठे कण अडवते. दुसरी, क्रँकशाफ्टच्या टोकाला बसवलेली गोल डबी, म्हणजे सेंट्रिफ्यूगल फिल्टर. वॉशिंग मशीनचा ड्रायर आठवा. पंपाने ढकललेलं ऑइल डबीत येतं आणि क्रँकबरोबर गरगर फिरतं. जड कण बाहेरच्या भिंतीवर फेकले जातात आणि तिथेच चिकटतात. मधलं स्वच्छ ऑइल पुढे बेअरिंगकडे जातं.

आता मुद्दा लक्षात घ्या. ड्रेन बोल्ट काढून काळं ऑइल सोडलं तरी डबीतला तो घट्ट चिखल जागेवरच राहतो. वर्षानुवर्षं साठला की डबीत जागा उरत नाही, कण ऑइलबरोबर पुढे जातात आणि बेअरिंग, रिंग, सिलिंडर सगळं झिजतं.

सफाईसाठी आधी ऑइल सोडून उजव्या बाजूचं क्रँककेस कव्हर काढावं लागतं. मग जाळी ओढून काढायची आणि डबीचं झाकण उघडायचं. चिखल खरवडून काढायचा, दोन्ही नीट धुवायचे आणि सुकवायचे. डबीच्या मधल्या छिद्रात कचरा ढकलला जाता कामा नये, कारण तोच ऑइलचा रस्ता. जुना गॅस्केट परत लावू नका, नवीनच घ्या, नाहीतर गळती ठरलेली. किती किलोमीटरला करायचं ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. स्वतः करायचं नसेल तर मेकॅनिकला नुसतं ऑइल बदला म्हणू नका, डबी आणि जाळी साफ करा असं स्पष्ट सांगा.

ऑइलची पातळी बघताना गाडी मेन स्टँडवर सपाट जागी उभी करा. काडी पुसून आत टाका, पण आटे फिरवू नका. एक लिटरहूनही कमी ऑइलवर हे इंजिन चालतं, त्यामुळे थोडं कमी झालं तरी फरक पडतो.

चूक मान्य करणारा मालक

होंडा हट्टी होते. इंजिन हवेनेच थंड करायचं, यावर ते अडून बसले. १९६८ मध्ये त्यांच्या एअर कूल्ड फॉर्म्युला वन गाडीच्या अपघातात फ्रेंच ड्रायव्हर जो श्लेसर यांचा जीव गेला. पुढे कंपनीतल्या तरुण इंजिनिअरांनी कारसाठी वॉटर कूलिंगचाच आग्रह धरला आणि फुजिसावांनीही समजावलं. शेवटी होंडांनी माघार घेतली. १९७३ मध्ये दोघे एकत्रच निवृत्त झाले. त्यानंतर होंडा जपानभर फिरून कारखान्यातल्या आणि दुकानातल्या कामगारांचे आभार मानत राहिले. हातोडा उजव्या हातात असायचा, म्हणून डावा हात जखमांच्या खुणांनी भरलेला होता.

५ ऑगस्ट १९९१ ला ते गेले. आपल्या अंत्ययात्रेमुळे रस्त्यावर गाड्यांची कोंडी होऊ नये, म्हणून कंपनीने मोठा अंत्यविधी करू नये अशी त्यांची इच्छा होती, आणि ती पाळली गेली.

तिशी उलटल्यावर आपल्याला काय येत नाही हे ओळखून शाळेत जाणारा माणूस या इंजिनांमागे होता. आपल्याला तर फक्त एक कव्हर उघडून बघायचंय. पुढच्या सर्व्हिसिंगला तेवढं नक्की करा.