मजूरमंत्री बाबासाहेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले. देवरूखच्या पंचक्रोशीतही खोताचा जाच सोसलेली आणि पोटासाठी मुंबईची गिरणी गाठलेली घरे काही थोडी नव्हती. बाबासाहेबांच्या कार्यात हे दोन्ही प्रश्न एकत्र आले. १९३७ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध गिरण्या बंद पाडण्यात ते अग्रभागी होते.

चारच वर्षांनी, जुलै १९४२ मध्ये, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. महायुद्ध पेटलेले, उत्पादन थांबता कामा नये हा सरकारचा आग्रह. कालच्या संपाच्या पुढाऱ्याची ही कसोटीच होती. ७ ऑगस्ट १९४२ रोजी दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद भरली. तिच्यातून स्थायी मजूर समिती उभी राहिली. कायदा करण्यापूर्वी कामगारांच्या प्रतिनिधींनाही विचारावयाचे, ही रीत पुढे रूढ झाली ती येथून.

त्यांच्या खात्याकडे पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते, हे सहसा कोणी सांगत नाही. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याच्या परिषदेत त्यांनी दामोदर खोऱ्याचा पूर, सिंचन आणि वीज यांचा एकत्रित विचार मांडला. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले. नद्यांची योजना आखणारे खाते आणि मजुरांचे हित पाहणारे खाते एकच होते, यातच त्या कारकिर्दीचे वेगळेपण आहे असे मला वाटते. कोळसा खाणींतील मजुरांसाठी कल्याण निधी १९४४ चा.

सारेच मनासारखे झाले नाही. कोळशाच्या टंचाईपायी १९४३ साली स्त्रियांना भूमिगत खाणकामाची बंदी उठवली गेली. त्यावर कठोर टीका झाली, आणि खात्याचे मंत्री या नात्याने ती बाबासाहेबांनाच झेलावी लागली. १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली. त्याच वर्षी कारखान्यांतील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले.

मालकांनी कामगार संघटनेला मान्यता देणे सक्तीचे करावे, यासाठीचे विधेयक त्यांनी १९४३ साली मांडले होते. त्यांनी पद सोडल्यानंतर, १९४७ मध्ये तशी दुरुस्ती मंजूर झाली. पण ती कधी अमलात आलीच नाही.