स्पीकरच्या पाठीवरचे नाव

नवे स्पीकर घरी आणले की पुढचा प्रश्न अ‍ॅम्प्लिफायरचा असतो. दुकानात वॉटचे मोठमोठे आकडे दाखवले जातात. पण निवडीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आकडा स्पीकरच्या मागच्या बाजूला, वायर जोडण्याच्या जागेजवळ छापलेला असतो. तो ८, ६ किंवा ४ असतो आणि त्याच्या पुढे घोड्याच्या नालेसारखे दिसणारे ओमेगा हे ग्रीक अक्षर असते. त्याचा उच्चार ओहम असा करतात. हे एकक आहे, तसेच ते एका शाळामास्तराचे आडनावही आहे. विजेच्या रोधाचा नियम या माणसाने मांडला, हे शाळेत शिकवले जाते. कान आवाज कसा ऐकतो याबद्दलचाही एक नियम त्याच्या नावावर आहे, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. अ‍ॅम्प्लिफायर निवडताना हे दोन्ही नियम उपयोगी पडतात.

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. वडील कुलपे बनवणारे कारागीर होते, तर आई शिंप्याची मुलगी. सात भावंडांपैकी तीनच जगली. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली. वडिलांचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. पण स्वतःच्या प्रयत्नाने त्यांनी गणित आणि विज्ञान इतके आत्मसात केले होते की जॉर्ज आणि धाकटा मार्टिन यांना ते घरीच शिकवत. दोघे भाऊ पुढे नावाजले, मार्टिन गणितज्ञ म्हणून. जॉर्जला घरातून आणखी एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे धातुकामाचा हात. पुढे प्रयोगाची उपकरणे स्वतः घडवताना तो कामी आला.

१८०५ मध्ये जॉर्ज एर्लांगेनच्या विद्यापीठात दाखल झाला, पण अभ्यासापेक्षा नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरचे स्केटिंग यांतच जास्त रमला. पोटाला चिमटा काढून शिकवणाऱ्या वडिलांना हे सहन होणे शक्य नव्हते. तीन सत्रांनंतर त्याला विद्यापीठ सोडावे लागले आणि स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत गणित शिकवण्याची नोकरी धरावी लागली. तिथे मात्र त्याने मोठ्या गणितज्ञांचे ग्रंथ स्वतः वाचून काढले. १८११ मध्ये तो परत आला आणि त्याच वर्षी त्याने डॉक्टरेट मिळवली. विद्यापीठात शिकवायला सुरुवातही केली, पण त्या तुटपुंज्या उत्पन्नावर भागेना. मग बांबेर्गच्या शाळेत नोकरी आणि ती शाळा बंद पडल्यावर पुन्हा शोधाशोध. या काळात लिहिलेले भूमितीचे पुस्तक ओहम यांनी प्रशियाच्या राजाला पाठवले. ते पसंत पडले आणि १८१७ मध्ये कोलोनच्या शाळेत त्यांची नेमणूक झाली. या शाळेत भौतिकशास्त्राची चांगली प्रयोगशाळा होती.

त्या काळी वीज मोजण्याची खात्रीची साधनेच नव्हती. इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी ओहम यांच्या कितीतरी आधी अशाच नियमाचा माग काढला होता. पण त्यांचे मोजमापाचे यंत्र म्हणजे त्यांचे स्वतःचे शरीर होते. किती जोराचा झटका बसतो यावरून ते विजेचा अंदाज बांधत. त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्धच केले नाहीत. त्यांच्या टिपणवह्या १८७९ मध्ये मॅक्सवेल यांनी छापल्या. ओहम यांना यातले काहीच माहीत नव्हते.

१८२५ मध्ये ओहम यांनी पहिला निबंध छापला आणि त्यातले सूत्र चुकले. दोष व्होल्टाच्या बॅटरीचा होता. जोडताक्षणी तिचा जोर वेगळा आणि थोड्या वेळाने वेगळा. संपादक पोगेनडॉर्फ यांनी त्यांना दुसरा मार्ग सुचवला. दोन वेगळ्या धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवले तर वीज निर्माण होते, हे थॉमस सीबेक यांना १८२१ मध्ये आढळले होते. ओहम यांनी बिस्मथ आणि तांबे यांचे सांधे केले; एक उकळत्या पाण्यात ठेवला आणि दुसरा बर्फात. उकळते पाणी आणि वितळता बर्फ यांचे तापमान हलत नाही, त्यामुळे विजेचा जोरही हलेना. मग दोन इंचांपासून १३० इंचांपर्यंत लांबीच्या तांब्याच्या ८ तारा एकामागून एक जोडून, टांगलेली चुंबकसुई किती वळते ते त्यांनी मोजले. १८२६ मध्ये योग्य नियम हाती आला. तारेतून वाहणारी विद्युतधारा व्होल्टेजच्या प्रमाणात वाढते आणि रोधाच्या प्रमाणात घटते. तार लांब असेल तर रोध जास्त, जाड असेल तर कमी.

नवे स्पीकर घेणाऱ्याला उपयोगी पडणारा पहिला हिशेब इथेच आहे. समजा अ‍ॅम्प्लिफायर २० व्होल्ट देत आहे. ८ ओहमच्या स्पीकरमधून अडीच अँपिअर विद्युतधारा जाईल आणि ५० वॉट शक्ती खर्च होईल. स्पीकर ४ ओहमचा असेल तर तेच २० व्होल्ट ५ अँपिअर आणि १०० वॉट मागतील. आकडा निम्मा झाला की अ‍ॅम्प्लिफायरवरचा भार दुप्पट होतो, तो तापतो, आणि स्वस्त यंत्र असेल तर संरक्षण म्हणून बंद पडते किंवा जळते. शिवाय स्पीकरवरचा आकडा ठोकळ असतो. आवाजाच्या उंचीप्रमाणे हा अडथळा बदलत राहतो आणि ८ ओहम लिहिलेला स्पीकर मधूनच ५ ते ६ ओहमपर्यंत उतरू शकतो. म्हणून ८ ओहमच्या स्पीकरसाठीही ४ ओहमचा भार पेलणारा अ‍ॅम्प्लिफायर घेतलेला बरा. ४ ओहमच्या स्पीकरसाठी तर अ‍ॅम्प्लिफायरवर तसे स्पष्ट लिहिलेले असायलाच हवे. एकाच बाजूच्या खुंट्यांना ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर भार २ ओहमचा होतो. तो बहुतेक घरगुती अ‍ॅम्प्लिफायरना झेपत नाही.

वायरचा प्रश्नही ओहम यांच्या त्या ८ तारांनीच सोडवला आहे. इलेक्ट्रिशियन जिला दीड एमएमची वायर म्हणतात, ती तांब्याची साधी वायर ५ मीटर अंतरासाठी पुरते. जाऊन-येऊन १० मीटर तारेचा रोध साधारण ०.१२ ओहम भरतो. ८ ओहमपुढे तो नगण्य आहे. महागड्या वायरचे पैसे अ‍ॅम्प्लिफायरमध्ये घालावेत.

नियम हाती आल्यावर ओहम यांनी अर्ध्या पगारावर रजा घेतली आणि ते बर्लिनला भावाकडे गेले. फ्रान्सच्या फूरिए यांनी उष्णता धातूतून कशी वाहते याचे गणित १८२२ मध्ये मांडले होते. त्याच धर्तीवर ओहम यांनी विजेच्या प्रवाहाचे गणित रचले आणि १८२७ मध्ये ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. या पुस्तकाच्या जोरावर विद्यापीठात जागा मिळेल अशी त्यांची आशा होती. ती फोल ठरली. जर्मनीतल्या अनेक विद्वानांना भौतिकशास्त्रात इतके गणित नको होते आणि एका शाळाशिक्षकाचा दावा तर नकोच होता. पुस्तकावर टीका झाली, बाकीच्यांनी दुर्लक्ष केले. १८२८ मध्ये ओहम यांनी कोलोनची नोकरी सोडली. पुढची पाच वर्षे बर्लिनमध्ये किरकोळ शिकवण्या करत गेली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत ते प्राध्यापक झाले, पण मान्यता परदेशातून आली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले. तेव्हा ते ५२ वर्षांचे होते.

दोनच वर्षांनी, १८४३ मध्ये, ओहम कानाकडे वळले. फूरिए यांच्या गणितानुसार कितीही गुंतागुंतीचे पुनरावर्ती कंपन साध्या कंपनांच्या बेरजेने बनवता येते. ओहम यांचे म्हणणे असे, की कान नेमके याच्या उलट काम करतो. तो मिश्र आवाजातले साधे स्वर वेगळे करून ऐकतो. आपल्याकडे ज्यांनी जुळलेला तानपुरा लक्षपूर्वक ऐकला आहे, त्यांना हे सांगावे लागत नाही. खर्जाच्या तारेवर गंधार कोणी छेडलेला नसतो, तरी तयार कानाला तो ऐकू येतो. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट कंपनाचा हा उपस्वर त्या आवाजात असतोच. कान तो निवडून काढतो.

या नियमाला कडाडून विरोध केला तो ऑगस्ट सीबेक यांनी. ज्यांच्या शोधामुळे ओहम यांचा विजेचा प्रयोग साधला, त्या थॉमस सीबेक यांचेच हे चिरंजीव. सायरनवर प्रयोग करून त्यांनी दाखवले की मूळ स्वर आवाजात अगदी क्षीण असला तरी माणसाला तो स्पष्ट ऐकू येतो. हा वाद ओहम यांच्या हयातीत त्यांच्या बाजूने सुटला नाही. पुढे हेल्महोल्ट्झ यांनी, जे मुळात लष्करी डॉक्टर होते, १८६३ च्या आपल्या ग्रंथात ओहम यांचा नियम उचलून धरला. विसाव्या शतकात बेकेशी यांनी दाखवले की अंतर्कर्णातल्या शंखाकृती कॉक्लियामध्ये उंच स्वरांची कंपने सुरुवातीच्या टोकाशी आणि खालच्या स्वरांची आतल्या टोकाशी सर्वांत प्रबळ होतात. या कामासाठी त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र सीबेकही पूर्ण चुकीचे नव्हते. न ऐकू येणारा मूळ स्वर मेंदू उपस्वरांवरून भरून काढतो. छोट्या स्पीकरमधूनही पुरुषाचा भारदस्त आवाज ओळखू येतो तो यामुळेच.

कानाच्या या नियमातून अ‍ॅम्प्लिफायरबद्दल दुसरी गोष्ट कळते. अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या ताकदीपलीकडे ताणले की आवाजाच्या लाटेचे शेंडे छाटले जातात. छाटलेली लाट म्हणजे मुळात नसलेल्या अनेक उपस्वरांची भर. कान ते लगेच वेगळे काढतो आणि आवाज कर्कश, फाटका वाटतो. उंच स्वर वाजवणाऱ्या छोट्या ट्विटरवरही त्याचा जाच होतो. म्हणून थोडी ताकद हाताशी हवी, पण किती?

स्पीकरच्या माहितीपत्रकात संवेदनशीलतेचा आकडा असतो, समजा ८७ डेसिबल. याचा अर्थ १ वॉट शक्ती दिली तर १ मीटरवर ८७ डेसिबल आवाज होतो, जो चांगलाच मोठा आहे. नेहमीच्या बैठकीच्या खोलीत, मधूनमधून बोलताही येईल इतक्या आवाजात गाणे ऐकताना सरासरी १ वॉटही खर्च होत नाही. तबल्याची थाप किंवा ढोलाचा ठोका अशा क्षणिक उसळीला मात्र त्याच्या १० ते ३० पट शक्ती लागते. म्हणजे दर बाजूला ३० ते ५० प्रामाणिक वॉट पुरे. प्रामाणिक म्हणजे आरएमएस पद्धतीने, ८ ओहमवर, दोन्ही बाजू एकदम चालू असताना मोजलेले. खोक्यावर हजारोंच्या घरात छापलेले पीएमपीओ वॉट या हिशेबात धरूच नयेत. ५० ऐवजी १०० वॉट घेतले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो फरक जेमतेम कळतो.

याच ३ डेसिबलची किंमत कान मात्र वेगळ्या प्रकारे मोजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. दर ३ डेसिबल वाढीला ही मर्यादा निम्मी होते. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास आणि ९२ डेसिबलला जेमतेम अडीच तास. कॉक्लियातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाचा पहिला घाव बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास बसतो. मग स, श, फ ही अक्षरे निसटू लागतात. आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. असा माणूस आवाज वाढवत राहतो, अ‍ॅम्प्लिफायर ताणला जातो, आवाज अधिकच फाटतो आणि दोष यंत्राला दिला जातो. घरात एकाच व्यक्तीला आवाज सतत कमी वाटत असेल, तर मोठा अ‍ॅम्प्लिफायर घेण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे ऑडिओमेट्री करून घ्यावी. ती तपासणी वेदनारहित असते आणि नव्या यंत्रापेक्षा कितीतरी स्वस्त.

ज्या पदाची ओहम यांनी आयुष्यभर वाट पाहिली, ते म्युनिक विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद त्यांना १८५२ मध्ये मिळाले. त्यानंतर ते दोनच वर्षे जगले. ६ जुलै १८५४ रोजी म्युनिकमध्ये त्यांचे निधन झाले. लग्न त्यांनी केले नव्हते. १८८१ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला त्यांचे नाव दिले. स्पीकर घेऊन अ‍ॅम्प्लिफायर शोधायला निघताना आधी तेच नाव वाचावे. ओहम जुळतात का ते बघावे, खरे वॉट विचारावेत आणि घरी आल्यावर आवाजाचे बटण शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येईल इतपतच फिरवावे.