मसूरची तहान आणि काळ्या घोड्याजवळचे मेज

मुंबईच्या काळा घोडा परिसरात, ऱ्हिदम हाऊसच्या शेजारी, 'वेसाइड इन' नावाचे एक युरोपीय पद्धतीचे उपाहारगृह अनेक दशके होते. चौकटीच्या कापडाने झाकलेली मेजे, काटे-चमचे, भाजलेले मांस, माशांचे तुकडे, कॅरॅमल कस्टर्ड असा त्याचा इंग्रजी थाट. उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि एल्फिन्स्टन महाविद्यालय जवळच असल्याने वकील, प्राध्यापक, लेखक यांचा तेथे राबता असे. या ठिकाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसत असत, ही आठवण जुने मुंबईकर आवर्जून सांगत. राज्यघटनेचा मसुदाच त्यांनी तेथे लिहिला, अशी पुस्ती कोणी जोडत असे. मसुदा समितीचे काम दिल्लीत चालले हे लक्षात घेतले, तर ही पुस्ती आख्यायिकेच्या खात्यात टाकावी लागते. मात्र ती जन्माला का आली, हे समजण्यासाठी साताऱ्याला जावे लागेल.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे बालपण साताऱ्यात गेले. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त होऊन तेथे नोकरीस आले होते. आई भीमाबाईंचे १८९६ मध्ये साताऱ्यातच निधन झाले. आत्याने मुलांना सांभाळले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, त्यांचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. वर्गात त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडावा आणि मग पाणी प्यावे, शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेले राहावे, असा शिरस्ता होता. गावातला न्हावी या मुलांच्या डोक्याला हात लावत नसे. ते काम मोठी बहीण करी.

याच शाळेत कृष्णाजी केशव आंबेडकर नावाचे एक ब्राह्मण शिक्षक होते. आंबडवे या गावावरून आलेल्या 'आंबडवेकर' या नावाऐवजी त्यांनी आपले आडनाव या मुलाला दिले, हे सर्वज्ञात आहे. भोजनाच्या विषयात त्यांची दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. मधल्या सुटीत मुलाला घरी धावत जावे लागू नये म्हणून ते आपल्या शिदोरीतील भात, पोळी आणि भाजी रोज त्याला देत. देताना मात्र ते अन्न वरून त्याच्या ओंजळीत टाकत. माया खरी होती आणि हातांमधले अंतरही खरे होते. गोलमेज परिषदेच्या वेळी या गुरुजींनी पाठविलेले अभिनंदनाचे पत्र बाबासाहेबांनी जपून ठेवले होते.

१९०१ च्या उन्हाळ्यात नऊ-दहा वर्षांचा भीमराव आपला भाऊ आणि भाच्यासह वडिलांकडे निघाला. दुष्काळी कामांपैकी एका तलावावर रामजी खजिनदार म्हणून खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे होते. त्या काळचा सातारा जिल्हा आजच्या सांगलीतील तासगाव, वाळवा, खानापूरपर्यंत पसरलेला होता, आणि पुण्याहून मिरजेकडे जाणारी गाडी मसूरवरून जात असे. मुलांना नवे कपडे शिवले होते, डोक्यावर जरीच्या टोप्या होत्या. खर्चाला मिळालेल्या दोन-दोन आण्यांतून स्टेशनवर त्यांनी लेमोनेडच्या बाटल्या घेतल्या. पैसे टाकले की बाटली मिळाली, जात कोणी विचारली नाही.

मसूरला उतरल्यावर वडिलांचा माणूस आलेला नव्हता, कारण मुलांचे पत्र त्यांना पोहोचलेच नव्हते. पोशाख पाहून स्टेशनमास्तरांनी त्यांना ब्राह्मणाची मुले समजून आस्थेने चौकशी केली. आपण महार आहोत, असे मुलाने सांगताच त्यांचा चेहरा पालटला. गाडीवाले भाडे घेईनात. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, तोही गाडीत न बसता पायी चालणार आणि मुलांनी स्वतः बैल हाकायचे, या अटीवर. डब्यात जेवण भरपूर होते. वाटेत ओढ्यापाशी थांबून तो उघडला, पण पाणी गुरांच्या शेणामुताने इतके बरबटलेले होते की पोट भरण्यापूर्वीच डबा बंद करावा लागला. पुढे जकातीच्या नाक्यावर गाडीवाल्याच्या सल्ल्याने आपण मुसलमान असल्याचे सांगून पाणी मागितले. तेथेही मिळाले नाही. अन्न उशाशी असताना मुले उपाशी झोपली. ही हकीकत बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. या प्रसंगाने आपल्या मनावर न पुसणारा ठसा उमटला, असे त्यांनी नमूद केले आहे.

१९१३ च्या जुलैमध्ये बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहातले जेवण काही त्यांना रुचले नाही, आणि ते कॉस्मोपॉलिटन क्लबात राहावयास गेले. तेथे निरनिराळ्या देशांतील विद्यार्थी राहत. सर्वांनी एकाच मेजावर बसावे, एकाच भांड्यातून घ्यावे, ही गोष्ट इतरांच्या दृष्टीने इतकी साधी होती की तिचा उल्लेखही कोणी केला नसता. साताऱ्याच्या गोणपाटावरून आलेल्या विद्यार्थ्याला ती साधी वाटली नसणार.

म्हणूनच परतल्यावर बसलेला धक्का अधिक जिव्हारी लागला. १९१७ मध्ये करारानुसार बडोद्यास नोकरीला गेल्यावर त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी वसतीत नाव बदलून ते राहिले. लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून काढले. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथे प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी प्यावे याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. पदवी बदलली होती, माठ तोच होता.

१९२० ते १९२३ या काळात ते पुन्हा लंडनला होते. स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांवर हा मुक्काम चालला. लंडनमध्ये त्या काळी उत्तमोत्तम उपाहारगृहे होती, पण या विद्यार्थ्याला ती परवडणारी नव्हती. घरमालकीण करडी. सकाळी पावाचा तुकडा आणि बोव्हरिलचा कप, रात्रीही जवळपास तेवढेच. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचन, दुपारचे जेवण नाहीच. रात्री भूक अनावर झाली की मुंबईहून नेलेले पापड पत्र्यावर भाजायचे आणि दुधाबरोबर खायचे. ही उपासमार पैशाची होती, जातीची नव्हती. हा फरक त्यांच्याइतका कोणाला कळला असेल?

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले तेव्हा मसूरची वाट त्यांना आठवली असेल, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्यांचा विचार आठवणीपाशी थांबणारा नव्हता. त्या काळी सुधारकांमध्ये सहभोजनांची मोठी चळवळ होती. एका पंगतीत बसून जेवले की अस्पृश्यता संपेल, असा अनेकांचा प्रामाणिक समज होता. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी १९३६ मध्ये लिहिलेल्या आणि मंडळाने अधिवेशनच रद्द केल्यामुळे न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी या समजावर स्पष्ट मत दिले. एकत्र जेवल्याने जात मरत नाही. त्यासाठी आंतरजातीय विवाह हवेत, आणि त्याहूनही पुढे जातीला पवित्र मानणाऱ्या धर्मश्रद्धेलाच हात घालावा लागेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्याला आयुष्यभर पंगतीबाहेर ठेवले गेले, त्यानेच पंगत पुरेशी नाही असे सांगावे, हे त्या सहभोजनवाद्यांना रुचले नाही.

म्हणून वेसाइड इनच्या मेजाकडे पाहताना अतिशयोक्ती करू नये. तेथे कोणतीही क्रांती झाली नाही. तेथे एक विद्वान बॅरिस्टर बसत असे, खाद्यपदार्थांची यादी पाहून मागणी देत असे, आणि पाण्याचा पेला न मागता समोर येत असे. समता तेथे पैशाच्या दरवाजातून येत होती. ज्यांच्या खिशात पैसे नव्हते अशांना त्या दारातून प्रवेश नव्हता, हेही बाबासाहेबांना ठाऊक होते. म्हणूनच घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी आणि तलाव यांचा स्पष्ट नामोल्लेख आला, आणि सतराव्याने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर केले. विहीर आणि उपाहारगृह एकाच कलमात शेजारी शेजारी बसलेले मसूरच्या त्या मुलाला पाहायला मिळाले.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. वेसाइड इन पुढे बरीच वर्षे चालू राहिले. कवी अरुण कोलटकर तेथे नेमाने येऊन बसत आणि खिडकीतून काळा घोड्याची वर्दळ न्याहाळत. या शतकाच्या आरंभी ते उपाहारगृह बंद झाले. साताऱ्यातील शाळेच्या पटावर मात्र भिवा रामजी आंबेडकर हे नाव अजून आहे, आणि २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.