बावीस वर्षांचा फ्रेशर

बाविशीत आपल्याकडे पोरं डिग्री घेऊन नोकरी शोधत फिरत असतात. क्नूट रॉकनी त्या वयात कॉलेजात शिरला! १८८८ साली नॉर्वेत जन्म, पाच वर्षांचा असताना शिकागोत. तिथं पोस्टात खर्डेघाशी करून पैसे साठवले, आणि १९१० मध्ये नोटर डेम युनिव्हर्सिटी गाठली.

विषय केमिस्ट्री, वेड अमेरिकन फुटबॉलचं. तोच, बॉल हातात घेऊन पळायचा. बॉल पुढे फेकायला १९०६ पासून परवानगी होती, पण तो डाव मोजकेच संघ खेळायचे. १९१३ च्या उन्हाळ्यात रॉकनी आणि त्याचा दोस्त गस डोरायस ईरी लेकच्या काठी सुट्टीतली नोकरी करायला गेले. काम संपलं की वाळूत पास फेकायचा, झेलायचा, पुन्हा फेकायचा. नोव्हेंबरात बलाढ्य आर्मी टीमला त्यांनी ३५-१३ असं लोळवलं. पासचा शोध त्यांचा नाही बरं का, त्यांनी तो फक्त घोटला.

१९१८ मध्ये रॉकनी तिथलाच हेड कोच झाला. १३ सीझन, १०५ विजय, पराभव फक्त १२! १९२९ मध्ये पायाच्या दुखण्यानं व्हीलचेअरवर बसवलं, तरी टीम एकही मॅच हरली नाही.

३१ मार्च १९३१ ला कॅन्ससमध्ये त्याचं विमान कोसळलं. वय ४३. त्यानंतर अमेरिकेत लाकडी पंखांच्या प्रवासी विमानांची तपासणी कडक झाली.